रुमाल, कॅसेट आणि पेन ड्राइव्ह

आज आपण जपून ठेवण्याविषयी बोलू. धान्य कसं जपायचं हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. कणगी लिंपायची, कडुनिंबाचा पाला घालायचा, बियाणं वेगळं काढून ठेवायचं. पण कागद, हिशेब, फोटो, आवाज कसे जपायचे? त्यालाही मोठा इतिहास आहे, आणि तो थेट आपल्या दारापर्यंत आलेला आहे.

अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीचं नाव २०२३ साली देशभर गेलं. २९ ऑगस्टला मनोज जरांगे पाटील तिथे उपोषणाला बसले, १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि आंदोलन पेटलं. आरक्षणाबद्दल गावागावांत वेगवेगळी मतं आहेत. त्या वादात आज आपण शिरणार नाही. आपल्याला त्यातली एकच गोष्ट पाहायची आहे. त्या दिवसांत सगळा मराठवाडा जुने कागद शोधायला लागला.

सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. निजामाच्या काळातल्या कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं. तहसील, भूमी अभिलेख, जुन्या शाळा, सगळीकडची कपाटं उघडली. खासरा पत्रक, जन्म-मृत्यूचा नमुना नंबर १४, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, ही नावं पारावर ऐकू यायला लागली. सापडलेली पानं स्कॅन झाली आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली.

कागद शोधणं सोपं नव्हतं. त्याचं एक कारण आपल्या भागाच्या इतिहासात आहे. आपण १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, मग मुंबई राज्यात, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. जालना जिल्हा तर १ मे १९८१ ला झाला. त्याआधी अंबड औरंगाबाद जिल्ह्यात होतं. गाव जागचं हललं नाही, पण त्याच्या कागदांची कचेरी बदलत गेली.

दुसरं कारण त्याहून मोठं. कागद हाती लागला तरी वाचणार कोण? जुन्या नोंदी कुठे मोडीत, कुठे उर्दूत, कुठे फारसीत. मोडी ही आपल्याच मराठीची भरभर लिहायची लिपी, पण विसाव्या शतकाच्या मध्यावर ती शाळांतून आणि कचेऱ्यांतून गेली. पणजोबाचं नाव समोर कागदावर आहे, आणि घरात कुणालाच ते वाचता येत नाही! मोडी जाणणारे शोधावे लागले. यातून एक गोष्ट लक्षात येते. नोंद दोन तऱ्हेने मरते. एक, ती ज्यावर आहे ती वस्तू सडते. दोन, ती वाचणारं कुणी उरत नाही.

पहिल्या मरणावर जुन्या माणसांचा उपाय साधा होता. कागद चौकोनी कापडात घट्ट बांधून ठेवायचे. त्या गाठोड्याला बस्ता म्हणत, रुमालही म्हणत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे हजारो रुमाल आणि त्यांत कोट्यवधी कागद आहेत. कापडाने धूळ अडते, हवा खेळती राहते. पण वाळवी, उंदीर आणि गळकं छत यांपुढे कापडाचं काही चालत नाही. म्हणून दुसरा उपाय, नक्कल. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० च्या सुमारास या दफ्तरातले निवडक कागद ४५ भागांत छापून घेतले. मोडीतला मजकूर बाळबोध अक्षरात आला आणि एका ठिकाणचा कागद अनेक ठिकाणी पोचला. दोन्ही मरणांवर तो एकच इलाज होता.

आता आपला सवाल. त्या सगळ्या कागदांत आपल्या पणज्या कुठे होत्या? शोध चालला तो वडील, आजोबा, पणजोबा अशा वाटेने. शेतसारा पुरुषाच्या नावाने, शाळेत नाव मुलाचं. बाईचं नाव आलंच तर क्वचित, नवऱ्यामागे जमीन तिच्याकडे राहिली म्हणून. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदावर आईचं नाव घालणं बंधनकारक झालं. म्हणजे ही गोष्ट अगदी कालची.

बायांनी आपली नोंद ठेवली ती कंठात. जात्यावरची ओवी म्हणजे बाईचं दफ्तरच. माहेर, सासर, दुष्काळ, भाऊ, विठ्ठल, बाबासाहेब, सगळं तिच्यात. घरोघरी पिठाची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. जातं थांबलं की ओवीही थांबते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी १९८० नंतर गावोगावी जाऊन ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली. पुढे बर्नार्ड बेल यांच्या मदतीने बायांचा आवाज टेपवर घेतला गेला. हजारावर गावांतल्या एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या. माजलगावच्या बायांच्या ओव्याही त्यांत आहेत. राईरकर आणि प्वातवँ आज हयात नाहीत, पण त्यांच्या कागदावरचं आणि टेपमधलं संगणकात आलं. ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेने ते सगळ्यांसाठी खुलं केलं. टेप टेपच राहिली असती तर आज ती लावायला यंत्र शोधत बसावं लागलं असतं.

यंत्रांची हीच गंमत आहे. १९५६ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. दोन मोठ्या फ्रीजएवढं ते कपाट, वजन टनाच्या आसपास, आत दोन-दोन फूट रुंदीच्या ५० तबकड्या. आणि मावायचं किती? चार एमबीसुद्धा नाही. आपल्या मोबाइलमधला एखादा फोटो, बस्स. नंतर फ्लॉपी आली. तिची सगळ्यात शेवटी जी छोटी चौकोनी जात चालली, तिच्यात १.४४ एमबी मावे. मग सीडी आली, ७०० एमबीची. साल २००० मध्ये पेन ड्राइव्ह विकायला आले तेव्हा त्यांत ८ एमबी बसे. आज बोटाएवढ्या तुकड्यात त्याच्या हजारो पट मावतं.

पण फ्लॉपीत लिहिलेलं पत्र आज गावात कुठे उघडेल? नव्या लॅपटॉपला सीडीची खाचही नसते. म्हणजे फ्लॉपीचीही मोडी झाली. वस्तू धडधाकट, वाचणारं यंत्र गेलं.

केबलचंही तसंच. पूर्वी कॉम्प्युटरला माउसची पिन वेगळी, प्रिंटरची वेगळी. १९९६ साली यूएसबी आली आणि एकच खाच सगळ्यांना चालायला लागली. हे काम करणाऱ्यांत अजय भट्ट हे वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले इंजिनिअर पुढे होते. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन माहितीच्या. काही स्वस्त केबलींत माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. फोन चार्ज होतो, पण फोटो कॉम्प्युटरवर जात नाहीत. अशा वेळी फोन बिघडला म्हणून शंभर-दोनशे रुपये दुकानात देण्याआधी केबल बदलून पाहा. आणि केबल काढताना तार ओढू नका, टोक धरा. तुटते ती बहुतेक वेळा टोकाशीच.

पेन ड्राइव्हबद्दलही समजून घेऊ. त्याच्या आत विजेचा अगदी बारीक भार कोंडलेला असतो, तीच त्याची अक्षरं. वर्षानुवर्षं नुसता पडून राहिला, त्यात पत्र्याच्या घरात तापला, तर तो भार झिरपत जातो. म्हणून पेन ड्राइव्ह ही ने-आण करायची पिशवी आहे, कणगी नव्हे. तो उपसून काढण्याआधी कॉम्प्युटरवर ‘इजेक्ट’ करा. वही मिटण्याआधी शाई वाळू देतो तसं. ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विचारलं तर हो म्हणू नका, जाणकाराला दाखवा. बाजारात फार मोठ्या आकड्याचं कार्ड फार स्वस्तात मिळालं तर समजा, आकडा वरच्या कागदावर आहे, आत नाही. असं कार्ड भरल्याचं दाखवतं आणि मागाहून टाकलेलं हरवतं.

आपल्या रेडिओचंच पाहा ना. नियमाप्रमाणे सामुदायिक रेडिओने लावलेला कार्यक्रम तीन महिने जपावा लागतो. तीन महिन्यांनी काय? तेलंगणातल्या माचनूर गावात दलित बायांनी २००८ साली ‘संगम रेडिओ’ सुरू केला. बियाणांची माहिती, सणांची गाणी, दवापाणी असं सगळं त्यांनी स्वतःच्या बोलीत ध्वनिमुद्रित केलं. आपल्याकडे साताऱ्याच्या म्हसवडलाही बायांचा असाच रेडिओ चालतो. हे आवाज चौथ्या महिन्यातही राहावेत ही जबाबदारी कायदा घेत नाही. ती आपल्याला घ्यावी लागते.

मग गटाने काय करावं? बचत गटाच्या पंचसूत्रीत नोंदी ठेवणं हे एक सूत्र आहेच. त्यालाच आणखी थोडं जोडू.

हिशेबाची वही कागदावर राहू द्या. महिन्याला तिच्या पानांचे फोटो काढा. ते फोटो दोन जागी ठेवा, आणि त्या दोन जागा दोन घरांत असू द्या. एका घराचं छत गळलं तरी दुसरं कोरडं असतं. व्हॉट्सअॅपच्या गटात टाकलं म्हणजे जपलं असं धरू नका. फोन बदलला की बरंच मागे राहतं. वर्षातून एकदा, बी तपासतो तसं, सगळं उघडून पाहा. उघडत नसेल तर दुसरी प्रत हाताशी असतानाच नवी करा. पाच-सहा वर्षांनी वस्तूच बदला, जुन्यातलं नव्यात घ्या.

फोटोवर नाव घाला. कोण, कुठलं गाव, कोणतं साल. आणि बाईचं नाव पूर्ण लिहा, नुसतं अमक्याची बायको, तमक्याची आई नको. गटातल्या वयस्क आजींना मोबाइलसमोर बसवा. त्यांना येतात त्या ओव्या, त्यांनी पाहिलेला १९७२ चा दुष्काळ, त्यांच्या आईचं माहेरचं नाव, बोलून घ्या.

हे काम एकीवर टाकू नका. दोघींना यायला हवं, त्यात एक तरी तरुण मुलगी असावी. मोडी गेली ती कागद नव्हते म्हणून नाही. पुढच्या पोरांना कुणी शिकवली नाही म्हणून.

उद्या पन्नास वर्षांनी कुणी नात आपली पणजी शोधायला निघेल. तिला पणजोबाचा खासरा सापडेल. पणजीचं नाव आणि आवाजही सापडावा, एवढी सोय आपल्या हातात आहे. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, आणि प्रत ठेवायला दोन घरं त्याच दिवशी ठरवा.