इन्फ्ल्यूएंझा लस, पेशीसंवर्धित
कोंबडीच्या फलित अंड्यांऐवजी सस्तन प्राण्यांच्या पेशींत विषाणू वाढवून केलेली फ्ल्यूची लस. यासाठी बहुधा एमडीसीके पेशी वापरतात. मॅडिन व डार्बी यांनी १९५८ मध्ये त्या कॉकर स्पॅनियल कुत्र्याच्या मूत्रपिंडातून मिळवल्या. या पेशी गोठवून साठवता येतात. बर्ड फ्ल्यूने कोंबड्याच मेल्या तर अंडी आणायची कोठून, हा प्रश्न त्यामुळे उरत नाही. शिवाय एच३एन२ विषाणू अंड्यात रुळताना त्याचे हीमॅग्लुटिनिन प्रथिन बदलते आणि लस साथीच्या विषाणूशी नीट जुळत नाही. हे टाळायचे तर बीजविषाणूही, म्हणजे ज्यापासून लसनिर्मिती सुरू होते तो विषाणूही, पेशींतच वेगळा केलेला हवा. अमेरिकेत फ्लुसेलव्हॅक्स या पेशीसंवर्धित लसीला २०१२ मध्ये मान्यता मिळाली. असा बीजविषाणू वापरण्याची मुभा मात्र २०१६ मध्ये. परिणामकारकतेतील वाढ माफकच दिसली आहे. जगातील बहुतांश फ्ल्यूलस आजही अंड्यांतच बनते.