घासणे, घसरणे आणि घसट

पर्वत पाटियाला पर्वत नाही. सुरतेच्या पूर्व अंगाला, बारडोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तापीच्या सपाट गाळात तो यावा तरी कुठून? पर्वत हे गावाचे नाव आणि त्याचा फाटा सुटतो तिथली पाटी ती पाटिया. गुजरातेत हमरस्त्यावरच्या फाट्यांना अशी नावे पडलेली दिसतात; अहमदाबादचे नरोडा पाटिया त्यांतलेच. मूळ शब्द संस्कृत ‘पट्ट’, म्हणजे सपाट फळी किंवा शिळा. आपले पाट, पाटा, पाटी यांचे कूळही तेच असावे. पाट्यावर वरवंटा फिरतो, पाटीवर पेन्सिल फिरते, आणि दोन्हीकडे काम होते ते घर्षणाने. हे ध्यानात आल्यापासून मला हा पट्ट सोडवेना.

कारण तोच ‘कसोटी’त लपला आहे. संस्कृत कषपट्टिका, प्राकृत कसवट्टिआ, मराठी कसोटी. कष् म्हणजे घासणे. सराफ ज्या काळ्या शिळेवर सोने ओढून पाहतो, ती ही घासायची पाटी. म्हणजे कसोटीतला शेवटचा ‘ओटी’ हा पाटियाचा सख्खा भाऊ! ‘निकष’ही त्याच धातूचा. ‘कस’ बहुधा आधी घासल्याची रेघ असावा, मग त्या रेघेवरून ठरणारी शुद्धता, आणि पुढे केवळ गुण. जमिनीचा कस पाहताना कोणी जमीन घासत नाही, तरी शब्द तोच राहिला.

ती रेघ उमटते कशी, हेही पाहण्याजोगे आहे. दोन पृष्ठभाग एकमेकांवर टेकलेले दिसले तरी खरा स्पर्श फक्त बारीक बारीक उंचवट्यांच्या टोकांना होतो. बाउडन आणि टेबर यांनी १९५० साली आपल्या ग्रंथात ही कल्पना नीट मांडली: टोके दाबाखाली एकमेकांना चिकटतात, आणि सरकवताना ती जोड तोडावी लागते. तोडायला लागणारे बळ म्हणजे, मोठ्या अंशी, घर्षण. सोने मऊ, दगड कठीण. म्हणून जोड तुटताना सोन्याचाच अंश दगडाकडे राहतो. सराफाने वाचायची ती रेघ हीच.

आता ‘घर्षण’. धातू घृष्, प्राकृतात घंस-, घस- अशी रूपे, त्यांतून मराठी घासणे, गुजराती घसवुं. (जेवणातला ‘घास’ या घरचा नव्हे, तो ‘ग्रास’.) घासले की ऊब येते, म्हणून ‘घाम’ही इथलाच असेल असे वाटते. पण घाम आला ‘घर्म’पासून. फारसी ‘गर्म’ हा त्याचा दूरचा भाऊबंद. आपण तो ‘गरम’ म्हणून परत घरात घेतला. घृष् आणि घर्म शेजारी दिसतात, पण त्यांचे नाते जुळत नाही.

खरे कोडे ‘घसरणे’चे आहे. रूपावरून हाही शब्द घस- या कुळातला असावा. मग गंमत अशी, की ज्या मुळातून घर्षण निघाले त्याच मुळातून निसटणेही निघाले. शेवाळलेल्या पायरीवर पाय घसरला की आपण म्हणतो, घर्षण कमी पडले. भाषा मात्र म्हणते, पाय ‘घासला’ गेला. चूक कोणाची?

मला वाटते, कोणाचीच नाही. अमोंताँने १६९९ मध्ये नोंदले, की घर्षण भाराच्या प्रमाणात वाढते आणि पृष्ठभाग दिसायला किती लांबरुंद आहे यावर ते अवलंबून नसते. कुलोमच्या १७८५च्या निबंधात स्थिर आणि गतिमान घर्षणातला फरक तपासलेला आहे. टेकलेली वस्तू एका मर्यादेपर्यंत ढकल सोसते. मर्यादा ओलांडली की सरकते, आणि सरकताना लागणारे बळ बहुधा त्या मर्यादेहून कमी असते. म्हणजे घसरणाऱ्या पायालाही घर्षण आहेच, फक्त ते पाय धरून ठेवण्याइतके नाही. ‘घसरणे’ हा शब्द त्या मर्यादेपलीकडच्या घासण्याचा आहे. ‘रुपयाची घसरण’ मात्र त्यातून साफ निसटलेली. तिथे कशावर काही घासत नाही.

कुलोमला आणखी एक गोष्ट दिसली. लाकडावर लाकूड जितका जास्त वेळ टेकून राहील तितके ते हलवायला जड जाते. हे वाचताना मला ‘घसट’ आठवली. ‘त्यांची फार घसट आहे’ असे आपण दोन दिवसांच्या ओळखीला म्हणत नाही. एकमेकांना घासत राहण्यातून सलगी झाली ती घसट, आणि तेच घासणे ‘सम्’ उपसर्ग लावून आले तर ‘संघर्ष’. पर्वत पाटियाच्या आसपासच्या साड्यांच्या दुकानांत तिसरे रूप कानावर पडते, ‘घासाघीस’. त्यात थोडी घसट असते, थोडा संघर्षही. वर्षअखेर त्याच दुकानाचा हिशोबनीस यंत्रांवर ‘घसारा’ लावतो. गुजराती वहीतही तो ‘घसारो’च.

पाटियाजवळच्या गोडादरा-डिंडोली भागात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे दाट आहेत. नव्याने आलेल्याला पिठाच्या गिरणीवर ‘घंटी’ वाचून देवळातली घंटा आठवते. गुजरातीत घंटी म्हणजे जाते. संस्कृत ‘घरट्ट’पासून ती आली असावी, आणि आपले ‘घरट’ हे मोठे जातेही. हिरा घासायच्या यंत्रालाही सुरतेत घंटीच म्हणतात. तिच्याभोवती चारचार कारागीर बसतात. तिच्या फिरत्या चकतीला ‘सरण’ म्हणतात. त्यात संस्कृत ‘शाण’ आणि गुजराती ‘सराण’ दडलेले दिसतात. आपली चंदनाची ‘सहाण’ही त्यांच्याच जवळची असावी. घासून पाडायचे ते ‘पैलू’ मात्र फारसी ‘पहलू’, म्हणजे कूस किंवा बाजू.

हिऱ्यावर घासलेल्या हिऱ्याचा घर्षणांक हवेत ०.१ किंवा त्याहूनही कमी. इतका घसरडा पदार्थ क्वचितच. तो झिजवायला हिऱ्याचीच पूड आणि तेल लागते, आणि तीही दिशा बघून. स्फटिकाच्या एका दिशेने तो झिजतो, दुसऱ्या दिशेने दाद देत नाही. ही दिशा ज्याच्या बोटांना कळते त्याला सुरतेत पूर्वी ‘हीराघसू’ म्हणत. त्या नावात हेटाळणी येऊ लागली म्हणून आता ‘रत्नकलाकार’ म्हणतात, आणि तो मान त्यांना मिळायलाच हवा. तरी मला जुना शब्दही जवळचा वाटतो. त्यातल्या ‘घसू’त तो घृष् अजून ऐकू येतो, आणि सरणीचा आवाजही.