हार्ट फेल्युअर शेवटच्या टप्प्यात आलं तर माणूस किती काळ जगतो? घरच्यांनी हे माहीत करून घ्या

चाकण : "डॉक्टर, आता किती दिवस?" वॉर्डाबाहेर, पेशंटला ऐकू जाणार नाही अशा बेतानं हा प्रश्न विचारला जातो. उत्तर बहुतेक वेळा "तसं सांगता येत नाही" असंच मिळतं. तारीख कोणालाच सांगता येत नाही, हे खरं. पण अंदाज बांधता येतो, आणि तो घरच्यांना कळायला हवा.

आधी एक गैरसमज. गावाकडं 'हार्ट फेल झालं' म्हणजे माणूस गेला असंच धरतात. डॉक्टर म्हणतात ते हार्ट फेल्युअर वेगळं. विहिरीवरची मोटर चालू आहे, पण पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचत नाही, तशी गत. हृदय चालतं, जोर कमी पडतो. मग फुफ्फुसात आणि पायात पाणी साठतं, धाप लागते, आडवं झोपवत नाही, दोन-तीन उशा घ्याव्या लागतात. आपल्याकडं याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे आधी येऊन गेलेला हार्ट अटॅक किंवा ब्लॉकेज.

टूडी इकोच्या रिपोर्टवर 'ईएफ' नावाचा आकडा असतो. लोक त्याला पंपिंग म्हणतात. निरोगी माणसात तो साधारण ५५ ते ७० असतो, ४० किंवा त्याखाली गेला की हृदय कमजोर समजतात. पण नुसता हा आकडा बघून घाबरू नका. पंपिंग २५ असून वर्षानुवर्षं स्वतःची कामं स्वतः करणारे लोक असतात.

आता जगण्याचे आकडे. केरळात तिरुवनंतपुरमच्या रुग्णालयांत २०१३ मध्ये हार्ट फेल्युअरनं अ‍ॅडमिट झालेल्या १२०५ रुग्णांची नोंद ठेवली गेली. पाच वर्षांत त्यातले १०० पैकी ५९ दगावले. देशभरातल्या ५३ रुग्णालयांतल्या १०,८५१ रुग्णांच्या नोंदीत वर्षभरात १०० पैकी २२ जण गेले, आणि त्यातले १४ पहिल्या ९० दिवसांतच. म्हणजे घरी सोडल्यानंतरचे पहिले तीन महिने सगळ्यात धोक्याचे. नेमकं याच काळात "आता बरं वाटतंय" म्हणून गोळ्या सुटतात आणि पुढची तारीख चुकवली जाते.

हे झाले सगळ्या प्रकारच्या रुग्णांचे आकडे. शेवटचा टप्पा वेगळा. बसल्या जागी धाप लागते, वर्षात दोन किंवा जास्त वेळा अ‍ॅडमिट करावं लागतं, बीपी इतकं खाली जातं की गोळ्या कमी कराव्या लागतात, किडनीचे रिपोर्ट बिघडतात, अंग सुकत जातं. हृदय बदलणं शक्य नसलेल्या अशा रुग्णांवर अमेरिकेत एक अभ्यास झाला, तो २००१ मध्ये छापला गेला. नुसत्या औषधांवर असलेल्यांपैकी वर्षानंतर १०० मागे फक्त २५ च्या आसपास जिवंत होते. आजची औषधं तेव्हा नव्हती. तरीही या टप्प्यावर हिशेब महिन्यांचा किंवा फार तर एक-दोन वर्षांचा असतो, हे मान्य करावं लागतं. काही जण हळूहळू खचत जातात, तर काही जण अचानक, झोपेतसुद्धा जातात.

हृदयरोपण झालं तर निम्म्याहून जास्त रुग्ण १० वर्षांपुढं जगतात. पण दात्याचं हृदय वेळेत मिळावं लागतं आणि बाकीचे अवयव ठीक असावे लागतात. म्हणून रोपणाबद्दल लवकर विचारा. किडनी गेल्यावर विचारून उपयोग होत नाही.

बहुतेक घरांच्या हातात आहे ती गोष्ट म्हणजे गोळ्या. पंपिंग कमी असलेल्यांना चार प्रकारची औषधं एकत्र दिली तर आयुष्य वाढतं, हे सिद्ध झालं आहे. वर सांगितलेल्या देशभरच्या नोंदीत मात्र निम्म्याहून कमी रुग्णांना पूर्ण औषधं मिळत होती. यातली डापाग्लिफ्लोझिन २०२० नंतर आणि सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टन २०२३ नंतर पेटंट संपल्यानं बरीच स्वस्त झाली. "मला ही चारही चालतात का?" असं डॉक्टरांना सरळ विचारा.

लघवीच्या गोळीचं वेगळं सांगायला हवं. कंपनीत लाइनवर उभं राहायचं, सारखं बाथरूमला सोडत नाहीत, म्हणून ती गोळी टाळावीशी वाटते. टाळू नका, शिफ्ट सांगून वेळ बदलून घ्या. रोज सकाळी वजन करा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे, त्याच दिवशी फोन करा. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयब्रुफेनसारख्या गोळ्या आणू नका, त्यांनी अंगात पाणी धरतं. पापड, लोणचं, फरसाण बंद. धाप अचानक वाढली तर १०८. तळेगाव-चाकण रस्त्याची गर्दी सगळ्यांना माहीत आहे, उजाडायची वाट बघत बसू नका.

पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआयचं कार्ड शोधून काढा. लांबलेल्या आजारांच्या त्यांच्या यादीत हार्ट फेल्युअर आहे. दोन वर्षांची सलग नोकरी आणि हप्त्यांच्या अटी पूर्ण होत असतील तर पगाराच्या ८० टक्के रक्कम जास्तीत जास्त दोन वर्षं मिळू शकते. चिंचवडला मोहननगरमध्ये ईएसआयचं हॉस्पिटल आहे. बाकीच्यांनी महात्मा फुले योजनेत काय बसतं ते १५५३८८ वर विचारावं.

आणि शेवटच्या टप्प्यात पेशंटलाच विचारा, पुन्हा आयसीयू, व्हेंटिलेटर हवं की घरी राहायचं. धाप आणि घालमेल कमी करणारी औषधं घरीही देता येतात, त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. पीएफला वारस लावलाय का, बँकेत नॉमिनी कोण, हेही तो बोलू शकतो तोवर विचारून घ्या. बरेचदा त्यालाच ते सांगायचं असतं, पण घरातलं कोणी विषय काढत नाही.

(गोळ्या चालू, बंद किंवा कमी-जास्त करणं फक्त डॉक्टरांच्या सल्ल्यानंच.)