समुद्री शर्यती : वेगाला वेसण कोणी घालायची?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मोटारींची शर्यत आपण निदान टीव्हीवर तरी पाहिलेली असते. खुल्या समुद्रातली पॉवरबोटींची शर्यत मात्र फार थोड्यांनी पाहिली असेल. मोटारीचा रस्ता एका जागी असतो. बोटीचा रस्ता क्षणाक्षणाला उठतो, खचतो आणि पुढे गेलेल्या बोटीमुळे मागच्या बोटीसाठी आणखी खराब होऊन बसतो. अशा रस्त्यावरून वेगानं जायचं, जिवंत परत यायचं आणि शिवाय किनाऱ्यावरच्या माणसाला ते बघताना मजाही वाटली पाहिजे. या तीन गोष्टींचा मेळ घालण्याची खटपट गेली सत्तर वर्षं चालू आहे. त्या खटपटीचा इतिहास मला आज सांगायचा आहे. त्यातून निघणारा प्रश्न बोट चालवणाऱ्यांपुरता नाही, बघणाऱ्यांचाही आहे.

तसं पाहिलं तर इंजिनाच्या बोटींच्या शर्यती मोटारींइतक्याच जुन्या. १९०३ साली आयर्लंडमधल्या क्वीन्सटाउन बंदरात हार्म्सवर्थ चषकाची पहिली शर्यत झाली. चषक देणारे आल्फ्रेड हार्म्सवर्थ हे 'डेली मेल'चे मालक. जिंकलेल्या बोटीचा वेग होता ताशी साडेएकोणीस मैल, म्हणजे जेमतेम एकतीस किलोमीटर. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्येही या शर्यती होत्या. साउदॅम्प्टनजवळच्या पाण्यात हवा इतकी बिघडली की तिन्ही शर्यतींत प्रत्येकी एकच बोट शेवटपर्यंत पोचली. पुढे ऑलिंपिकमध्ये हा खेळ पदकांसाठी कधी आलाच नाही.

आज आपण जिला 'ऑफशोअर' शर्यत म्हणतो, ती खऱ्या अर्थानं सुरू झाली १९५६ साली. अमेरिकेतल्या मायामीहून निघायचं आणि बहामा बेटांवरच्या नासाऊला पोचायचं, अंतर सुमारे एकशे ऐंशी मैल. सॅम ग्रिफिथ आणि डिक बर्ट्रम या जोडीनं ही शर्यत जिंकली. त्यांना नऊ तासांहून जास्त वेळ लागला, म्हणजे सरासरी ताशी वीस मैलांच्या आसपास. आता सांगा, ही शर्यत पाहिली कोणी? सुटताना काही लोकांनी पाहिली, पोचताना काहींनी पाहिली. मधले नऊ तास फक्त समुद्र साक्षीला. प्रेक्षक हा घटक त्यात जवळजवळ नव्हताच. सामना बोटींचा एकमेकींशी थोडा आणि समुद्राशी जास्त होता. कोण सर्वांत वेगवान, यापेक्षा कोणाची बोट फुटत नाही, याला महत्त्व होतं.

१९६० साली याच शर्यतीत एक गोष्ट घडली आणि खेळाचं रूप बदललं. रे हंट नावाच्या अमेरिकन रचनाकारानं बोटीचा तळ सपाट न ठेवता खोल व्ही आकाराचा केला होता. सपाट तळाची बोट लाटेवरून उडाली की खाली आपटते. विहिरीत सूर मारताना ज्याचं पोट कधी पाण्यावर आपटलंय, त्याला पाणी किती कठीण असतं ते सांगायला नको. व्ही आकाराचा तळ पाण्यात फाळासारखा शिरतो आणि धक्का विभागला जातो. डिक बर्ट्रम यांनी 'मॉपी' ही अशी एकतीस फुटी बोट त्या वर्षी खवळलेल्या समुद्रात घातली आणि साधारण आठ तासांत नासाऊ गाठलं. दुसरी आलेली बोटही हंट यांच्याच रचनेची होती. बाकीच्या बोटी त्या दिवशी पोचल्याच नाहीत.

हा शोध मुळात सुरक्षेचा होता. बोट फुटू नये, माणसाची कंबर मोडू नये, यासाठी होता. पण त्याचा उपयोग काय झाला? या तळावर मोठी इंजिनं बसवता येतात हे सगळ्यांच्या लक्षात आलं. या इतिहासात हेच पुन्हा पुन्हा घडताना दिसतं. सुरक्षेनं जे कमावलं, ते वेगानं लगेच खर्च करून टाकलं.

१९६१ साली इंग्लंडमध्ये मॅक्स एटकिन यांनी काउज ते टॉर्की ही शर्यत सुरू केली. तेही वर्तमानपत्रवालेच, 'डेली एक्सप्रेस'चे. समुद्रात टिकतील अशा वेगवान बोटी तयार व्हाव्यात, हा त्यांचा हेतू होता. पहिल्या वर्षी सत्तावीस बोटी निघाल्या आणि नऊ पोचल्या. टॉमी सॉपविथ यांची 'थंडरबोल्ट' जिंकली, सरासरी ताशी सुमारे पंचवीस मैलांनी. १९६४पासून जागतिक अजिंक्यपद सुरू झालं. मग डॉन अ‍ॅरोनोसारखे लोक आले. त्यांनी १९६७ आणि १९६९ अशी दोनदा अजिंक्यपदं मिळवली आणि 'सिगारेट' नावाच्या लांबट, निमुळत्या बोटींचा कारखाना काढला. बोट शर्यतीत जिंकली की गिऱ्हाईक दारात, असा तो हिशेब. जाहिरातदार आला, त्याच्या मागोमाग कॅमेरा आला. आणि कॅमेऱ्याला एकशे ऐंशी मैलांची शर्यत काय कामाची?

तेव्हा शर्यत हळूहळू किनाऱ्याकडे सरकली. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्याऐवजी किनाऱ्यालगत बोये टाकून त्यांना फेऱ्या मारायच्या. लोकांना बोटी पुन्हा पुन्हा दिसू लागल्या. पण किनाऱ्याजवळचं पाणी त्या मानानं शांत, आणि शांत पाण्यात व्ही तळापेक्षा जोडतळी बोट, म्हणजे कॅटामरान, जास्त पळते. हा शब्द मूळचा तमिळ 'कट्टुमरम', त्याचा अर्थ बांधलेले ओंडके. शर्यतीच्या कॅटामरानमध्ये दोन निमुळते तळ आणि त्यांच्यामध्ये बोगदा असतो. बोगद्यात कोंडलेली हवा बोटीला वर उचलते, पाण्याचा अडथळा कमी होतो आणि वेग वाढतो. सत्तरच्या दशकाच्या शेवटी या बोटी पुढे आल्या आणि पुढच्या दहा वर्षांत त्यांनी मैदान मारलं.

पण उचलणारी हवा उलथवतेही. पावसाळी वाऱ्यात छत्री कशी उलटी होते, ते आठवा. बोटीचं नाक जरा जास्त वर गेलं की वारा खाली शिरतो आणि कित्येक टनांची बोट मागच्या मागे पालथी होते. म्हणूनच या बोटीत दोन माणसं असतात. एक सुकाणू धरतो, दुसरा फक्त थ्रॉटल सांभाळतो. बोट लाटेवरून सुटली की पंखे हवेत फिरतात आणि इंजिन बेफाम होतं. थ्रॉटलवाल्यानं त्या क्षणी इंजिन आवरायचं आणि बोट पाण्याला टेकताच पुन्हा सोडायचं. एकाच्या हाती कासरा आणि दुसऱ्याच्या हाती चाबूक, असा हा संसार.

मग किंमत मोजण्याची वेळ आली. दिदिए पिरोनी हे फॉर्म्युला वनमधलं मोठं नाव. १९८२ साली जर्मनीतल्या अपघातात त्यांचे पाय चिरडले, मोटारी सुटल्या आणि ते बोटींकडे वळले. २३ ऑगस्ट १९८७ रोजी आयल ऑफ वाइट बेटाजवळच्या शर्यतीत त्यांची 'कोलिब्री' बोट एका तेलवाहू जहाजाच्या लाटेवर आदळून उलटली. पिरोनी आणि त्यांचे दोन्ही साथीदार गेले. शर्यतीच्या मार्गात व्यापारी जहाजं येतात हे तोवर कोणाला ठाऊक नव्हतं असं नाही. तीन वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९९० रोजी, मोनॅकोजवळ स्तेफानो कासिरागी गेले. ते राजकन्या कॅरोलिन यांचे पती, वय तीस, आणि त्या दिवशी ते आपलं जागतिक अजिंक्यपद राखायला उतरले होते. त्यांचा जोडीदार वाचला.

राजघराण्यातला माणूस गेल्यावर जग हललं. सर्वांत वरच्या वर्गात बंद कॉकपिट आणि पट्टे सक्तीचे झाले. आधी चालक उघड्यावर, गाद्या लावलेल्या कप्प्यात उभे राहत. आता ते लढाऊ विमानासारख्या पॉलिकार्बोनेटच्या झाकणाखाली बांधून बसू लागले. जवळ श्वासासाठी हवेची बाटली आणि बोट पालथी झाली तर निसटायला तळाकडून झडप. पोहण्याच्या तलावात खोटं कॉकपिट उलटं करून त्यातून बाहेर पडायची परीक्षा आली. वर हेलिकॉप्टर, त्यात उडी मारायला तयार असलेले पाणबुडे. या सगळ्यानं अनेक जीव वाचले, यात शंका नाही.

आणि पुन्हा तेच झालं. झाकणाखाली बसलेला माणूस जास्त धाडस करू शकतो. वरच्या वर्गाच्या बोटी ताशी अडीचशे किलोमीटरपर्यंत गेल्या. डिसेंबर २००९मध्ये दुबईच्या घरच्या शर्यतीत तिथल्याच नामांकित 'व्हिक्टरी' संघाचे दोघं गेले. नोव्हेंबर २०११मध्ये अमेरिकेतल्या की वेस्टला एकाच स्पर्धेत तीन चालकांचा बळी गेला. नुसत्या झाकणानं आणि पट्ट्यानं भागत नाही, हे त्यातून पुरतं दिसलं.

मग वेगालाच वेसण घालायचा विचार पुढे आला. अमेरिकेत असे वर्ग निघाले की ठरलेल्या वेगाच्या वर जायचंच नाही, बोटीवरचं जीपीएस त्याची नोंद ठेवणार. दुसरा मार्ग म्हणजे सगळ्यांना एकसारखी बोट आणि एकसारखं इंजिन द्यायचं. तिसरी युक्ती नियमातली. ठरावीक फेऱ्यांत प्रत्येकानं एकदा लांबचा वळसा घ्यायचाच, कधी घ्यायचा ते ज्यानं त्यानं ठरवायचं. त्यामुळे पुढचा मागे येतो, मागचा पुढे जातो आणि शेवटच्या फेरीपर्यंत काही सांगता येत नाही. यात वेग एका मैलानंही वाढत नाही, उत्सुकता मात्र वाढते.

यातली एकसारख्या बोटींची शर्यत आपल्याकडेही येऊन गेली. मार्च २०१६मध्ये ४ ते ६ तारखांना मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर 'पी वन' पॉवरबोटींची शर्यत झाली. सगळ्यांच्या बोटी एका साच्यातल्या, प्रत्येकीला अडीचशे अश्वशक्तीचं एकच इंजिन. वेग ताशी शंभर किलोमीटरच्या थोडा वर. मी तेव्हा कठड्यावर बसून ती पाहिली. माझ्या ध्यानात राहिलं ते असं की, किनाऱ्यावरून वेग कळतच नाही. दूरवर एकटी पळणारी बोट ताशी शंभरनं जाते की दोनशेनं, हे आपल्या डोळ्याला समजत नाही, कारण शेजारी ना झाड ना खांब. लोक उठून उभे राहत होते ते दोन बोटी एकाच वेळी बोयाशी वळत तेव्हा. कोण आत शिरलं, कोण बाहेर फेकलं गेलं, एवढंच त्यांना बघायचं होतं.

म्हणजे ज्या प्रेक्षकासाठी वेग वाढवला असं सांगण्यात येतं, त्याला तो वेग दिसतही नाही. त्याला दिसते ती चुरस. वेग हवा असतो तो चालकाला, इंजिन विकणाऱ्याला आणि जाहिरातीत आकडा छापणाऱ्याला. चालकाची ओढ मी खोटी मानत नाही. सप्टेंबर २०१९मध्ये इटलीचे फाबिओ बुत्झी, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, मोंटे कार्लो ते व्हेनिस असा विक्रम करताना रात्रीच्या अंधारात बांधावर आदळून गेले, सोबत दोन साथीदारही. तिथं टाळ्या वाजवायला गर्दी नव्हती. ज्यानं आयुष्यभर बोटी बांधल्या आणि जिंकल्या, त्याला समुद्र पुन्हा बोलावतोच. ती त्याची निवड होती.

पण जिथं तिकीट, जाहिरात आणि कॅमेरा आहे, तिथं निवड एकट्या चालकाची राहत नाही, आपणही तिचे भागीदार होतो. तेव्हा अशी शर्यत पुन्हा आपल्या किनाऱ्यावर आली, तर आयोजकांना 'बोटी किती वेगानं पळणार?' हे विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. बोटी एकसारख्या आहेत का? मार्गातून मच्छीमारांची आणि व्यापारी जहाजांची ये-जा थांबवली आहे का? आणि बोट पालथी झाल्यावर पाणबुडा किती मिनिटांत पोचणार? याची उत्तरं ठाम मिळाली, तर कठड्यावर बसून शर्यत खुशाल पाहावी. ती पाहण्यासारखी असते.