रुग्णालयपूर्व आपत्कालीन सेवा

अपघात, हृदयविकाराचा झटका, प्रसूतीतील गुंतागुंत अशा प्रसंगी रुग्ण रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी त्याला मिळणारे उपचार. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रुग्णवाहिका हे मुख्यतः वाहतुकीचे साधन होते. १९६६ मध्ये बेलफास्ट येथे फ्रँक पँट्रिज यांनी मोटारीच्या बॅटरीवर चालणारे डीफिब्रिलेटर (हृदयाला विद्युत्-झटका देणारे उपकरण) रुग्णवाहिकेत आणले आणि उपचारच रुग्णापर्यंत नेण्याची कल्पना दृढ झाली. पुढे स्वयंचलित उपकरणांमुळे सामान्य माणसालाही अनियमितपणे थरथरणाऱ्या हृदयाला विद्युत्-झटका देणे शक्य झाले.

उपचारपद्धतीही बदलल्या. २०१० पासून प्रौढांच्या सीपीआरमध्ये (हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवनात) कृत्रिम श्वासाआधी छातीवर दाब देण्यास प्राधान्य मिळाले. दाबांचा वेग आता मिनिटाला १०० ते १२० ठेवतात. इराक व अफगाणिस्तानातील युद्धांच्या अनुभवातून हातापायांचा तीव्र रक्तस्राव थांबवणारा टूर्निकेट नागरी सेवेत परतला. रुग्णवाहिकेतून ईसीजी (हृदयाचा विद्युत्-आलेख) आधीच पाठवल्याने रुग्णालयातील कॅथलॅब (हृदयाच्या रक्तवाहिन्यांवरील उपचारांचा कक्ष) सज्ज ठेवता येते.

भारतात १०८ क्रमांकाची सेवा २००५ मध्ये आंध्र प्रदेशात सुरू झाली. महाराष्ट्रात ती २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह आली. त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक प्रकारच्या होत्या. सोबत डॉक्टर असणे हे तिचे वैशिष्ट्य. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यास पोलिसी ससेमिऱ्यापासून संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये बंधनकारक केली. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणेने त्यांना कायद्याचे बळ दिले. जवळच्या माणसाने तत्काळ पुढे होणे ही या सेवेची पहिली कडी असल्याने सीपीआरचे प्रशिक्षण शाळा-महाविद्यालयांपर्यंत पोहोचणे अत्यावश्यक आहे.