पात्यावरचा थर आणि तो घासणारे हात

आज आपण इतिहास ऐकणार आहोत, पण राजा-राणीचा नाही, आपल्या स्वयंपाकघरातल्या पात्याचा. विळी, सुरी, विळा, कोयता यांच्यावाचून आपला दिवस सरत नाही. हे पातं काळं का पडतं, ते पांढरं ठेवायला कोण राबलं आणि ती मेहनत कशी सुटली, ते पाहू.

लोखंडी विळीवर कच्चं केळं किंवा केळफूल चिरलं की भाजीही काळी आणि पातंही काळं, हे आपण रोज बघतो. तुरट पदार्थात टॅनिन नावाचं द्रव्य असतं. त्याची लोखंडाशी गाठ पडली की काळा रंग तयार होतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस मिसळून काळी शाई करत, ती याच गुणावर. हिराकस म्हणजे लोखंडाचाच क्षार. कैरी, लिंबू, चिंच यांचा आंबट रसही पात्यावर डाग पाडतो.

हा काळा थर म्हणजे घाण नव्हे. तांबडा गंज निराळा. तो लोखंडाला पोखरत जातो, त्याची पूड सुटते. काळा थर मात्र पात्याला धरून बसतो आणि गंज चढायचा वेग थोडा कमीच करतो.

पण काळं पातं म्हणजे घरातल्या बाईचा आळस, असं मानलं जाई. म्हणून राख, विटेचा चुरा आणि नारळाची शेंडी घेऊन कुणीतरी घासत बसायचं. ते कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा सून, नाहीतर घरातली मुलगी.

साहेबाच्या देशातही हेच होतं. इंग्लंडमध्ये ब्रिजवॉटर नावाचं गाव आहे. तिथल्या पॅरेट नदीच्या गाळापासून घासायची खास वीट बनवत. १८२३ साली तिचं पेटंट घेतलं गेलं. तिला नाव पडलं ‘बाथ ब्रिक’. ही वीट खरवडून तिची पूड कातडं लावलेल्या फळीवर टाकायची आणि जेवणाच्या सुऱ्या त्यावर एकेक करून घासायच्या. श्रीमंत घरात या कामाला वेगळा पोऱ्या असे, नाहीतर मोलकरीण. पुढे दांडा फिरवून सुऱ्या साफ करायची यंत्रं निघाली. इझाबेला बीटनबाईंचं घरकामाचं जाडजूड पुस्तक १८६१ साली निघालं. त्यात या यंत्रांची शिफारस आहे, पण सुऱ्या आधी कोमट पाण्यात धुऊन, नीट पुसून मगच यंत्रात घालायला सांगितलं आहे. म्हणजे यंत्र आलं तरी राबणारे हात नोकरांचेच राहिले. शिवाय प्रत्येक घासणीला पातं थोडं झिजायचं, ते वेगळंच.

या गोष्टीत आपला देशही आहे. दक्षिण भारतात, आजच्या तेलंगणातल्या कोनसमुद्रमसारख्या गावांत, लोहार मातीच्या बंद मुशीत फार उत्तम पोलाद बनवत. इंग्रज त्याला ‘वूट्झ’ म्हणत. मुंबईत राहणाऱ्या हेलेनस स्कॉट या डॉक्टरने १७९४ साली त्याचे नमुने लंडनला पाठवले. तिथे जेम्स स्टोडार्ट या सुऱ्या बनवणाऱ्या कारागिराने त्यातल्या एका तुकड्यापासून लहानसा चाकू घडवला. असं पोलाद घासून चकचकीत केलं आणि सौम्य आम्ल लावलं की त्यावर लाटांसारखी नक्षी उमटते.

याच स्टोडार्टबरोबर पुढे मायकेल फॅरेडे यांनी काम केलं. तेच फॅरेडे, ज्यांच्या शोधावर वीजनिर्मिती उभी आहे. ते लोहाराचे पुत्र होते. आपल्याकडच्या पोलादासारखं पोलाद करता येईल का, असा दोघांचा प्रयत्न होता. त्यासाठी त्यांनी पोलादात निरनिराळे धातू मिसळून पाहिले, त्यात क्रोमियमही होतं, पण अगदी थोडं. १८२१ साली फ्रान्सच्या पिएर बर्थिए यांच्या लक्षात आलं की क्रोमियम मिसळलेल्या लोखंडावर आम्लाचा परिणाम कमी होतो. हे सुऱ्यांना उपयोगी पडेल, असंही त्यांनी सुचवलं. पण तसं कामाचं पोलाद तेव्हा साधलं नाही.

ते साधायला १९१३ साल उजाडलं. इंग्लंडच्या शेफील्ड गावात हॅरी ब्रेअर्ली नावाचे गृहस्थ बंदुकीच्या नळ्या लवकर का झिजतात, याचा अभ्यास करत होते. वयाच्या बाराव्या वर्षी शाळा सुटलेला, पोलादाच्या भट्टीवरच्या कामगाराचा हा मुलगा. त्यांनी शंभरात जवळजवळ तेरा भाग क्रोमियम असलेलं पोलाद ओतलं, आणि ते आम्लाला दाद देईना. सुऱ्या बनवणाऱ्यांनी आधी त्यांची टर उडवली, कारण ते पोलाद घडवायला कठीण आणि त्याला धारही नीट लागेना. अर्नेस्ट स्टुअर्ट या जाणकाराने ते व्हिनेगरमध्ये तपासलं. डाग पडला नाही. म्हणून नाव पडलं ‘स्टेनलेस’, म्हणजे बिनडागी.

यात गंमत अशी, की स्टेनलेसवरही थर असतोच. क्रोमियमचा, डोळ्यांना न दिसणारा. ओरखडा पडला तर हवा लागून तो आपोआप पुन्हा धरतो. जे काम सून, मोलकरीण आणि पोऱ्या करत होते, ते आता धातूच करू लागला.

मग साधं कार्बन पोलाद टाकून द्यायचं का? नाही. त्याला झटकन धार लागते आणि गावातला लोहार ते दुरुस्त करू शकतो. मात्र नव्या पात्यावर कधी तेल, कधी पारदर्शक रोगण, कधी काळा रंग असतो. तो प्रवासात आणि दुकानात गंज चढू नये म्हणून दिलेला असतो, आपल्या भाजीत जाण्यासाठी नाही. तो असा काढा. आधी धारेवर जाड कापड गुंडाळा. कढत पाण्यात धुण्याचा सोडा घालून पातं भिजवा आणि घासा. रोगण निघालंच नाही, तर थिनरचा बोळा फिरवा, पण उघड्यावर आणि चुलीपासून लांब. मग कापड काढून पातं पाटावर आडवं ठेवा. लाकडाच्या ठोकळ्याला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून, तो ओला करून, पाठीकडून धारेकडे घासा. बोटं धारेच्या वाटेत आणू नका. शेवटी साबणाने धुऊन लगेच कोरडं करा आणि खोबरेलाचं बोट फिरवा. रोगण चुलीवर जाळून मात्र काढू नका. धूर वाईट असतो, आणि तापून पात्याचं पाणी उतरलं की धार टिकत नाही.

हे एकदाच करायचं. पुढे वापरून पातं काळसर झालं तर होऊ द्या. रोज चकाकी आणत बसू नका, आणि सुनेला किंवा मुलीलाही बसवू नका. काम झालं की धुवा, पुसा, कोरडं ठेवा. तांबडा डाग दिसला तर तेवढाच घासा.

माळ्यावर सासूबाईंची जुनी विळी पडली असेल तर खाली काढा. गटाच्या पुढच्या बैठकीला ती कापडात गुंडाळून आणा, आणि ती कोण घासायचं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून या.