रझाकार मेला, त्याची हळहळ कशाला?

आमच्या जळकोट भागात जुलूम-जबरदस्तीला आजही ‘रझाकारी’ म्हणतात. १९४८ बद्दल गावात मुलाखती घ्यायला गेलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं : पोलीस ॲक्शननंतर रझाकारांना मारलं. आपण ते वहीत उतरवतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. आज त्या वाक्यापाशी थांबू. गुन्हेगार हिंसेत मेला, तर इतिहास लिहिणाऱ्याला हळहळ वाटावी का?

एक गोष्ट आधीच सांगतो. रझाकारांचे अत्याचार खरे आहेत. मे १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातल्या गोरटा गावात त्यांनी कत्तल केली. आपला उदगीर-अहमदपूरचा पट्टाही तेव्हा बिदर जिल्ह्यातच होता. ऑगस्टमध्ये हैदराबादेत ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा खून झाला. रझाकारांविरुद्ध लिहिणारे हे संपादक स्वतः मुसलमान होते. ज्यांची माणसं गेली, घरं जळाली, त्यांनी मारेकऱ्यासाठी रडावं असं म्हणायचा आपल्याला काही अधिकार नाही.

पण पुढचं बघा. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत शिरल्या, १७ ला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतर जी हिंसा झाली ती पाहायला केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठवलं. त्यांचा अंदाज २७ ते ४० हजार मृत्यूंचा. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना. आकड्यांवर वाद आहे आणि तो असायलाच हवा. पण हा अहवाल कित्येक दशकं प्रसिद्धच झाला नाही, हेही विसरू नका. लातुरात कत्तल वीस दिवसांहून जास्त चालली, असं त्यात म्हटलंय. शेजारच्या मुसलमानांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही त्यात नोंद आहे.

एवढे सगळे रझाकार होते का? विणकर, व्यापारी, बाया, पोरं? ‘रझाकार मेला’ म्हटलं की पुढे कुणी नाव विचारत नाही. हळहळ नाकारली की चौकशीही थांबते, ती अशी.

आणि खरोखरचा रझाकार मेला असेल तर? लातूरला वकिली करणारा कासीम रझवी, म्हणजे सगळ्यांचा म्होरक्या, जिवंत पकडला गेला. त्याच्यावर खटला चालला, शिक्षा झाली. १९५७ मध्ये सुटून तो पाकिस्तानात गेला आणि तिथेच वारला. गावातला साधा रझाकार मात्र विहिरीपाशी संपला. त्याने कुणाला लुटलं, हुकूम कुणाचा होता, हे कोर्टात कधी आलंच नाही. म्हणजे त्याने ज्यांना छळलं त्यांचीही साक्ष कागदावर उतरायची राहिली.

म्हणून माझं मत असं : हळहळ म्हणजे माफी नव्हे. गुन्ह्याची नोंद पूर्ण करा, मरणाचीही पूर्ण करा. मुलाखतीत ते वाक्य आलं की हळूच चार प्रश्न विचारा. नाव काय होतं? धंदा काय करायचा? रझाकार होता हे कुणी सांगितलं? मागे घरात कोण राहिलं?

कधीकधी समोरचे आजोबा गप्प होतात. घाई करू नका. ते गप्प झाले, हेही वहीत लिहा.